पावसात कोरडी, ऑक्टोबरात ओली: तापमान भिंतीतला ओलावा कुठे ढकलतं

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, बेडरूमची भिंत पश्चिमेची, नऊ इंची विटेची, बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून दोन वर्षांपूर्वी इंटीरियर करताना आधीच्या ऑइल पेंटवरच लावलेला व्हिनाइलचा वॉलपेपर. जून ते सप्टेंबर काहीच नाही, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वॉलपेपरला फोड, कोपरा उचलून मागे हात घातला तर ओलं, कुबट वास आणि काळी बुरशी. दोन वॉटरप्रूफिंगवाले बघून गेले, दोघांनीही लिकेज सांगितलं. तुमचं म्हणणं, लिकेज असतं तर जुलैत दिसलं नसतं का? आणि उन्हाने भिंत वाळायला हवी, मग नेमकी उन्हातच ओली कशी होते?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, सव्वीस वर्षं मुंबई, ठाणे आणि कोकण पट्ट्यात इमारतींच्या ओलीचंच काम करतेय, आणि हा प्रश्न मला दर ऑक्टोबरला येतो. तुमची शंका बरोबर आहे. ऊन भिंत वाळवतं हे खरंच आहे, पण वाळते म्हणजे काय होतं, तर पाणी ती जागा सोडून दुसरीकडे जातं, आणि दुसरीकडे म्हणजे कुठे हे ऊन आणि तुमचा एसी मिळून ठरवतात. तुमच्या भिंतीतलं बरंचसं पाणी बाहेर जातंय, थोडं आत येतंय, आणि आत येणाऱ्याची वाट वॉलपेपरने बंद केलीय.

आता हे नीट समजायचं तर दोन गोष्टी वेगळ्या धरायला लागतात, ज्या बहुतेक लोक (इंजिनिअरसुद्धा) एकात घालतात. एक, मटेरियल वाफेला वाट किती देतं. दोन, वाफेला मागून रेटा किती आहे. अडॉल्फ फिक नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८५५ साली डिफ्यूजनचा, म्हणजे शाळेत आपण ज्याला विसरण म्हणायचो त्याचा नियम मांडला, त्यात मुळात ह्या दोन गोष्टींचाच गुणाकार आहे. तापमान वाढलं की दोन्ही वाढतात पण सारख्या नाही वाढत, आणि सगळी गोम इथेच आहे. हवेतून वाफ पसरण्याचा गुणांक २० डिग्रीवरून ४० डिग्रीला गेलं तरी साधारण १२ टक्केच वाढतो. विटेच्या, गिलाव्याच्या मोठ्या छिद्रांमधून वाफ जाते ती जवळपास ह्याच हिशोबाने, म्हणजे वाट काही फार रुंद होत नाही. रेट्याचं मात्र वेगळं आहे. ओल्या छिद्रातल्या वाफेचा दाब २० डिग्रीला २.३ किलोपास्कल (दाब मोजायचं एकक) असतो, ३० ला ४.२, ४० ला ७.४ आणि ५० ला १२.३. दर १० डिग्रीला पावणेदोन पटीच्या आसपास धरा. म्हणजे भिंत तापली की वाट तीच राहते आणि मागची गर्दी तिप्पट-चौपट होते.

म्हणूनच नुसत्या ह्युमिडिटीच्या टक्क्यावर मी कधी काही ठरवत नाही. २२ डिग्रीच्या खोलीत ८५ टक्के आणि बाहेर ३५ डिग्रीला ५० टक्के, ह्यात जास्त वाफ कुठे? बाहेर. आत साधारण २.२ किलोपास्कल, बाहेर २.८. मोबाइलवर "आज हवा कोरडी" दिसतं आणि वाफ निवांत बाहेरून आत चाललेली असते. टक्का नेहमी तापमानासोबत वाचायचा, एकटा आकडा फसवतो.

तुमच्या भिंतीचा जुलै आणि ऑक्टोबर आता शेजारी शेजारी ठेवू. जुलैत ठाण्यात ढगाळ, २८ डिग्री आणि ८८ टक्के धरा, बाहेरच्या वाफेचा दाब ३.३ च्या आसपास. आत एसी लावलात तर २३ डिग्री, ५५ टक्के, म्हणजे दीड. फरक १.८ किलोपास्कल. नऊ इंची विटेतून एवढ्या रेट्याने चौरस मीटरला दिवसाला दहा-बारा ग्रॅम वाफ जाते, शंभर स्क्वेअर फुटांची भिंत असेल तर सगळी मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्धा पेला पाणी. आणि बाहेरच्या ह्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, २६ डिग्रीच्या जवळ आहे, तुमच्या वॉलपेपरची मागची बाजू एसीने त्याच्याही खाली गेलेली. म्हणजे खरं सांगायचं तर सुरुवात जुलैतच झाली होती, तुम्हाला दिसली नाही इतकंच, कारण आतला गिलावा स्पंजसारखा ते पाणी पीत राहिला. चौरस मीटरमागे दीड-दोन किलो पाणी गिलावा सहज पोटात ठेवतो, वरून काही कळत नाही. आणि त्याच चार महिन्यांत बाहेरून पश्चिमेचा वाऱ्याचा पाऊस केसाएवढ्या भेगांमधून बाहेरच्या गिलाव्यात आणि विटेच्या बाहेरच्या दोन-तीन इंचांत मुरत होता, पण भिंत सगळीकडे २६-२८ डिग्रीच असल्यामुळे त्या पाण्याला कुठे जायची घाई नव्हती.

मग ऑक्टोबर येतो. आकाश मोकळं, दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत पश्चिमेची भिंत थेट उन्हात, गडद रंग असेल तर बाहेरचा पृष्ठभाग आरामात ४५ डिग्रीच्या वर जातो. ४५ ला ओल्या गिलाव्यातला वाफेचा दाब साडेनऊ किलोपास्कल. बाहेरची हवा २.८ वर, तुमची खोली दीडवर. दोन्हीकडे उतार आहे, वाफ दोन्हीकडे पळते, जास्त बाहेर जाते कारण ओला भाग बाहेरच्या बाजूला आहे, पण आत येणारा रेटासुद्धा जुलैच्या चौपटीहून जास्त आहे आणि आतला स्पंज आधीच भरत आलेला. त्यात विटेची नऊ इंची भिंत उष्णता सहा-आठ तास उशिरा पोचवते, म्हणजे चार वाजताचं ऊन आतल्या बाजूला रात्री दहा-अकराला येतं, अगदी तुम्ही दार लावून एसी सुरू करता त्याच वेळी. वॉलपेपरमागचा ओला गिलावा थोडा गरम, पुढे व्हिनाइल, त्यातून वाफ जवळपास जातच नाही, चिकटवायची पेस्ट पाण्यात विरघळणारी, ती पुन्हा ओली होऊन सुटते आणि मागचा दाब फोड उचलतो. पाऊस थांबल्यानंतर ओल दिसण्याचं कारण हे.

तरी लिकेज नाहीच असं मी इथे बसून म्हणणार नाही. डिफ्यूजनने येतं ते पेल्यात मोजायचं पाणी, भेगेतून येतं ते बादलीत, त्यामुळे आधी कायम लिकेज तपासायचं आणि मग बाकीचं. एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता. फोड भिंतीवर कुठे आहेत ते नीट बघा. काँक्रीट वाफेला विटेपेक्षा साधारण दहापट जास्त अडवतं, त्यामुळे वाफेचं काम असेल तर फोड विटेच्या पूर्ण पॅनेलवर पसरलेले दिसतात आणि कॉलम-बीमचे पट्टे कोरडे राहतात, भिंतीवर अक्षरशः फ्रेमचं चित्र उमटतं. लिकेज असेल तर ते बहुतेक वेळा बीम आणि विटेच्या सांध्यावर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, पाइपाजवळ सुरू होतं आणि खाली ओघळत येतं. तुमच्या वर्णनात "सगळीकडे थोडे थोडे" असं आहे, ते वाचूनच मला वाफेचा संशय आला.

आता तुम्ही पुढे विचारलंय की तापमानाचा हा परिणाम सगळ्या मटेरियलला सारखाच का. नाही. विटेत, चिऱ्यात (म्हणजे जांभा दगडात), गिलाव्यात पाणी दोन रूपांत फिरतं, वाफ आणि द्रव. द्रव पाणी केशाकर्षणाने चढतं, म्हणजे कंदिलाची वात तेल ओढते तसं, आणि गरम पाणी पातळ होतं म्हणून जास्त वेगाने मुरतं, २० डिग्रीपेक्षा ४० ला साधारण वीस टक्के जास्त. फार नाही. इथे तापमानापेक्षा छिद्रं किती मोठी आणि पाणी किती वेळ उभं, ह्याला जास्त महत्त्व.

काँक्रीटचं प्रकरण चिवट आहे. त्याची छिद्रं इतकी बारीक की आत किती पाणी आहे त्यावरच वाट बदलते. बाझांत आणि नज्जार या संशोधकांनी १९७२ मध्ये हे मांडलं आणि आजही हिशोब तसाच करतात, की काँक्रीट जवळपास संपृक्त, म्हणजे पाण्याने भरलेलं असताना ओलावा ज्या वेगाने फिरतो त्याच्या विसाव्या भागावर तो वेग येतो, एकदा आतली ह्युमिडिटी ७०-७५ टक्क्यांच्या खाली गेली की. म्हणजे सुरुवातीला वाळतं वाळतं आणि मग अडकून बसतं. उष्णता काँक्रीटमधून ओलाव्यापेक्षा हजारपटीहून जास्त वेगाने जाते, दुपारचं ऊन रात्री पोचलं तरी त्याच जाडीतला ओलावा पुढच्या वर्षी पोचेल. आणि जाडी दुप्पट केली की वाळायला वेळ चौपट लागतो, हे बिल्डर लोक कधीच धरत नाहीत. फ्लोअरिंगवाल्यांचा "इंचाला एक महिना" हा आडाखा कोरड्या हवेत बरा आहे, आपल्या पावसाळ्यातले चार महिने त्यात मोजायचेच नाहीत.

काँक्रीटमध्ये आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट होते, जी मला पुण्याच्या एका ऑफिसच्या कामात महागात पडली होती. बंद भांड्यातली हवा तापवली तर तिची ह्युमिडिटी कमी होते हे आपल्याला माहीत असतं, पण बंद काँक्रीट तापवलं तर त्याच्या छिद्रांमधली ह्युमिडिटी थोडी वाढते, कारण छिद्रांच्या भिंतींना चिकटलेलं पाणी उष्णतेने सुटून मोकळं होतं. त्या ऑफिसात आम्ही जानेवारीत, स्लॅब २० डिग्रीला असताना आतली ह्युमिडिटी मोजणारा प्रोब घालून टेस्ट केली, आकडा मर्यादेच्या जेमतेम आत आला, मी सही केली आणि लाकडी फ्लोअरिंग बसलं. मे महिन्यात काचेतून ऊन येऊन तोच स्लॅब ३५ च्या पुढे गेला, आणि सुट्टीत एसी बंद असताना फळ्यांच्या कडा वर उचलल्या. लिकेज कुठेच नव्हतं, पाणी तेच होतं, जानेवारीत चिकटून बसलेलं मे महिन्यात सुटलं. तेव्हापासून मी टेस्ट ज्या तापमानाला ती जागा वापरात राहणार त्या तापमानाला करते, आणि शक्य असेल तर सगळ्यात वाईट दिवसाच्या तापमानाला.

रंग, इपॉक्सी, मेंब्रेन, फायबरचे कॉम्पोझिट, ह्या पॉलिमर मंडळींचा नियम अजून वेगळा. ह्यात मोकळी छिद्रंच नसतात, पाण्याचा रेणू साखळ्यांमधून उड्या मारत जातो, आणि प्रत्येक उडीला ऊर्जा लागते. स्वांते अऱ्हेनियसने १८८९ मध्ये रासायनिक क्रियांच्या वेगासाठी जे समीकरण मांडलं तेच इथे चालतं. साध्या इपॉक्सीत २५ वरून ४५ डिग्रीला गेलं तर पाणी शिरण्याचा वेग ढोबळमानाने तिप्पट होतो. म्हणजे इथे वाटही रुंद होते आणि रेटाही वाढतो, दोन्ही एकदम. खोलीच्या तापमानाला उत्तम वाटणारं कोटिंग गच्चीवर मे महिन्यात तेच कोटिंग राहत नाही, डेटाशीटवर वाफेचा आकडा कुठल्या तापमानाला मोजलाय ते बघा आणि लिहिलेला नसेल तर सप्लायरला विचारा.

गच्चीचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी. काळी डांबरी मेंब्रेन उन्हाळ्यात ६० डिग्रीला सहज जाते. खाली ब्रिकबॅट कोब्यात (विटेच्या तुकड्यांच्या थरात) पाणी राहिलं असेल तर ६० ला नुसत्या वाफेचाच दाब २० किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला दोन टनांच्या आसपास रेटा, खालून वर. मग फुगे येणारच, त्यात मेंब्रेन वाईट किंवा कारागीर चोर असं काही नसतं, ओल्या कोब्यावर झाकण लावलं हे कारण असतं. आणि इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग सकाळी लावायला सुरुवात करू नका, दिवस चढतो तशी स्लॅबच्या छिद्रांमधली हवा आणि वाफ फुगून ओल्या कोटमधून बाहेर येते आणि टाचणीएवढी भोकं पाडते. संध्याकाळी चारनंतर, स्लॅब निवत असताना लावा, म्हणजे तीच छिद्रं माल आत ओढून घेतात. फक्त पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा ३ डिग्री तरी वर पाहिजे, नाहीतर संध्याकाळचं दव मध्ये अडकतं.

आता चिरा. तुमच्या प्रश्नात नाही, पण तुमचं गावचं घर चिऱ्याचं आहे आणि तिथेही आतून काहीतरी लावून भिंत बंद करायचं म्हणताय, म्हणून कळकळीने सांगते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी गुहागरकडच्या एका चिऱ्याच्या घराला आतून सिमेंट-पॉलिमरचा डॅम्पप्रूफ कोट लावायला सांगितला होता. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, कोटच्या मागे जमला आणि गिलाव्याचे हातभर पापुद्रे पलंगावर पडले, नशीब तेव्हा पलंगावर कोणी नव्हतं. जांभ्याची भिंत पाणी पिते आणि श्वासही घेते, पूर्वीचा चुन्याचा गिलावा तिला तसंच करू द्यायचा. मी आतली बाजू बंद केली, पाणी वाफ होऊन जायची जागा मागे सरकून कोटच्या पाठीशी गेली, आणि जिथे पाण्याची वाफ होते तिथेच क्षार मागे राहतो.

क्षारांचं आणि तापमानाचं नातं तर वेगळंच आहे. साधं मीठ, जे खाडीच्या वाळूतून गिलाव्यात येतं, ते ७५ टक्के ह्युमिडिटीच्या वर हवेतूनच पाणी ओढून विरघळतं, आणि हा आकडा तापमानाने फारसा हलत नाही, म्हणून कोकणातल्या अशा भिंती पावसाचा थेंब न लागता जूनमध्ये ओल्या होतात आणि नोव्हेंबरात आपोआप वाळतात. विटेतला सोडियम सल्फेट मात्र तापमानावर नाचतो. ३२.४ डिग्रीच्या खाली तो पाणी धरून स्फटिक बनवतो, त्याच्या वर बिनपाण्याचा, आणि पाणी धरलेला स्फटिक जवळजवळ चौपट जागा घेतो. आपल्याकडची भिंत ऑक्टोबर ते मे रोज हा आकडा ओलांडून वर जाते आणि रात्री खाली येते. विटेचा पृष्ठभाग पिठासारखा गळतो त्यात ह्या रोजच्या खेपांचा मोठा हात असतो.

दिशेबद्दल एक शेवटची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त नुकसान दिशा चुकल्याने होतं. माझी मामेबहीण टोरांटोला राहते, तिच्या घराच्या भिंतीत प्लास्टिकची शीट आतल्या बाजूला, ड्रायवॉलच्या मागे आहे, आणि तिथे ते बरोबर आहे, कारण तिथे सहा महिने आत उबदार आणि बाहेर बर्फ, वाफ आतून बाहेर जाते. तिथले व्हिडिओ बघून आपल्याकडचे इंटीरियरवाले एसीच्या खोलीत आतून शीट, व्हिनाइल, लॅमिनेटचं पॅनेलिंग लावतात. इथे वाफ बाहेरून आत येते, म्हणजे झाकण चुकीच्या बाजूला. ज्याला हे पटत नाही त्याने रत्नागिरीकडच्या एखाद्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजची जुनी भिंत उघडलेली बघावी. आत उणे १८ डिग्री, तिथे वाफेचा दाब ०.१२ किलोपास्कल, बाहेर साडेतीन, बारा महिने एकाच दिशेने रेटा. बाहेरच्या बाजूचा बॅरियर फाटला की वाफ थर्माकोलमध्ये शिरून बर्फ होते, मी उचललेला एक तुकडा दोन हातांनी उचलावा लागला होता, एरवी तो बोटावर उचलता येतो. तुमची बेडरूम म्हणजे सौम्य कोल्ड स्टोरेजच आहे असं धरून विचार केलात तर झाकण कुठल्या बाजूला हवं ते आपोआप कळेल.

आता तुम्ही काय करायचं. पहिल्यांदा खात्री. वॉलपेपर एका ठिकाणी दीड फूट बाय दीड फूट कापून काढा, मागचा ऑइल पेंट खरवडा, दोन दिवस पंखा लावून उघडं ठेवा, मग स्वयंपाकघरातला फॉइल तेवढाच कापून चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दुपारी चारला लावा आणि रात्री अकराला बघा, पुन्हा सकाळी बघा. थेंब फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर असतील तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर बसतेय, मागच्या बाजूला असतील तर भिंतीतून येतेय. एसी रोजच्यासारखाच चालू ठेवा, तो बंद ठेवून केलेली टेस्ट उपयोगाची नाही, कारण भिंत आणि फॉइल एकाच तापमानाला असतील तर भिंत ओली असूनही मागे थेंब बसत नाहीत आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर बाहेरून खिडकीतून हात काढून भिंतीचं तापमान चार वाजता घ्या, आतलं रात्री अकराला घ्या. पिनवाला मॉइश्चर मीटर घेऊन कोणी आलं आणि लाल दिवा दाखवून घाबरवलं तर लगेच घाबरू नका, क्षार असले तरी तो लाल होतो, जागोजागच्या रीडिंगची तुलना करायला तो ठीक आहे, आकडा म्हणून नाही.

वाफच निघाली, आणि मला वाटतं तीच निघेल, तर त्या भिंतीवरचा वॉलपेपर पूर्ण काढा, फोड आलेला तेवढाच नको, आणि खालचा ऑइल पेंटही. बुरशी मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा, कोरडी झाडू नका, लहान मूल त्या खोलीत झोपतं असं लिहिलंय तुम्ही, भिंत वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत झोपवा, ह्यात तडजोड करू नका. एसी २६ वर ठेवा, २० वर नको, प्रत्येक डिग्रीने भिंतीची आतली बाजू दवबिंदूच्या वर यायला मदत होते. कपाट त्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार इंच पुढे ओढा, त्याच्यामागे हवा फिरत नाही आणि तिथली ओल लवकर वाळत नाही.

आणि दिवाळीच्या आधी रंग लावू नका. मला माहितीय घरोघर दिवाळीलाच रंग काढतात, पण बाहेरच्या भिंतींच्या दृष्टीने अख्ख्या वर्षातला तो सगळ्यात चुकीचा मुहूर्त आहे, चार महिन्यांचं पाणी पोटात आणि नुकतंच ऊन सुरू. दिवाळीला हवाच असेल तर आतल्या पार्टिशनच्या भिंती रंगवा, पश्चिमेची उघडी ठेवा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सोसायटीकडून झुला लावून बाहेरचं काम करून घ्या, केसाएवढ्या भेगा भरायच्या, खिडकीच्या छज्जाचा ड्रिप मोल्ड (पाणी भिंतीवर न येता कडेवरून खाली गळावं म्हणून केलेली खाच) नीट करायचा, मग सिलेन-सिलोक्सेनचा वॉटर रिपेलंट किंवा वाफ जाऊ देणारा एक्स्टिरिअर पेंट, आणि रंग फिकट घ्या. फिकट रंगाने भिंत पाच-सात डिग्री कमी तापली तरी वरच्या आकड्यांवरून बघा रेटा किती उतरतो. बाहेर पाणी अडवणारं पण वाफ सोडणारं, आत साधं इमल्शन किंवा चुना, चकचकीत धुता येणारं काही नको, आतून डॅम्पप्रूफ तर अजिबात नको, कितीही वर्षांची गॅरंटी देऊ देत.

आतला रंग कधी लावायचा ते तारखेवर ठरवू नका. फेब्रुवारीच्या शेवटी तोच फॉइल त्याच जागी, दुपारी चार ते रात्री अकरा, एसी चालू ठेवून पुन्हा लावा. मागे थेंब नसले तर पेंटरला बोलवा. असले तर अजून तीन आठवडे भिंत उघडी ठेवा आणि मार्चच्या उन्हानंतर परत बघा.